घासाचा आणि शब्दाचा हक्क

घास गिळणे आणि हाक मारणे या दोन क्रिया माणसाच्या आयुष्यात इतक्या लवकर आणि इतक्या सहज येतात की त्यांच्यामागे काही शिकणे असते याचा कोणी विचारही करीत नाही. परंतु ज्या घरात मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने जखडलेले मूल आहे, त्या घरात वाटीभर मऊ भात भरविण्यास तासन्‌तास लागतात. जीभ आलेला घास बाहेर ढकलून देते. चमचा तोंडात जाताच दात त्यावर करकचून मिटतात. पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि मूल काळेनिळे होईपर्यंत ठसकत राहते. पोट भरले की नाही, कोठे दुखते, काय हवे आहे, हे त्या मुलाला सांगता येत नाही. भरविणारी असते ती बहुधा आई. तिची मजुरीची वेळ टळते, थोरल्या बहिणीची शाळा बुडते, आणि एवढे करूनही मुलाचे वजन वाढत नाही. शेजारीपाजारी हळहळतात, नातेवाईक कर्माला बोल लावतात, आणि समाज हा विषय त्या घराच्या उंबरठ्याआड ठेवून मोकळा होतो.

दुःख खाजगी आहे असे एकदा ठरविले की त्यावरचा इलाजही खाजगी ठरतो. आणि जो इलाज खाजगी ठरतो तो लौकरच विक्रीस येतो. या मुलांच्या बाबतीत नेमके तेच घडत आहे. म्हणूनच हा विषय डॉक्टरांचा आहे असे म्हणून बाजूस न सारता कार्यकर्त्यांनी त्याकडे राजकीय प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.

भारतात दर हजार मुलांमागे सुमारे तीन मुलांना मेंदूचा पक्षाघात असतो असे निरनिराळ्या पाहण्यांचे एकत्रित अनुमान आहे. त्याची कारणे पाहिली तर ती आकाशातून पडलेली नाहीत. बाळंतपणात बाळाला प्राणवायू अपुरा पडणे, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः कमी वजन, वेळीच उपचार न झालेली कावीळ, मेंदूपर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग ही त्यांतील प्रमुख कारणे होत. यांतील प्रत्येक कारणाशी आईचे पोषण, प्रसूतिगृहाचे अंतर आणि रुग्णालयातील मनुष्यबळ यांचा संबंध आहे. हा आजार श्रीमंताच्या घरीही येतो, यात शंका नाही. परंतु गरिबाच्या घरी तो अधिक वाटांनी येतो. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद केली. पण त्या गणनेच्या तक्त्यात मेंदूच्या पक्षाघाताला वेगळा रकानाच नव्हता. ज्यांची धड मोजणी होत नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोठून होणार?

असे असता या घरांपुढे एक नवा शब्द येऊन ठेपला आहे: प्रतिक्षिप्त क्रियांवर आधारलेला सघन उपचार. दोन-तीन आठवडे रोज कित्येक तास मुलाच्या चेहऱ्यावर, तळहातांवर, छातीवर व पाठीवर ठराविक रीतीने दाब दिला, ठराविक स्थितीत त्याला धरले, तर मेंदूतील अडलेला मार्ग मोकळा होतो, मूल नीट गिळू लागते आणि बोलूही लागते, असे आश्वासन दिले जाते. हे आश्वासन खरे किती आणि व्यापार किती, याचा निवाडा भावनेने करता येणार नाही. त्यासाठी मुळात शास्त्र काय सांगते ते समजून घेणे भाग आहे.

नवजात अर्भक काही गोष्टी न शिकताच करते. गालाला बोट लागले की ते त्या दिशेला तोंड वळविते. ओठांत काही आले की चोखते. दोन्ही तळहात दाबले की तोंड उघडते. या शेवटच्या क्रियेला बाबकिन या रशियन वैद्यकाचे नाव दिलेले आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ गर्भाच्या सुमारे ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळाला अंगावर पाजणे अवघड जाते आणि नळीने दूध द्यावे लागते. पुढे मेंदू वाढतो तसतशा यांतील बहुतेक क्रिया पहिल्या काही महिन्यांत मागे पडतात आणि त्यांची जागा हेतुपूर्वक केलेल्या हालचाली घेतात. मेंदूला इजा झाली असेल तर मात्र त्या मागे हटत नाहीत. मान एका बाजूला वळताच त्या बाजूचा हात ताठ होतो. म्हणजे मूल ज्या क्षणी घासाकडे पाहते त्याच क्षणी त्याचा हात तोंडाकडे येईनासा होतो. चमचा दातांत आवळून धरणारे मूल हट्टी नसते. तो जबडा त्याच्या ताब्यात नसतो. एवढी एक गोष्ट घरातल्यांना समजावून सांगितली तरी कित्येक मुलांचे फटके वाचतील.

या निरीक्षणांच्या पायावर निरनिराळ्या देशांत उपचारांच्या पद्धती उभ्या राहिल्या. चेकोस्लोव्हाकियातील बालमेंदूतज्ज्ञ व्हात्स्लाव्ह वोयता यांनी १९५० च्या दशकात असे पाहिले की मुलाला ठराविक स्थितीत ठेवून शरीरावरील ठराविक जागी दाब दिला तर सरपटण्याच्या व कुशीवर वळण्याच्या हालचाली आपोआप उमटतात. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, मानवी चेहऱ्याच्या समाजवादाचा तो प्रयोग चिरडला गेला, आणि वोयता यांना देश सोडून पश्चिम जर्मनीत जावे लागले. तेथे आधी कोलोन आणि मग म्युनिक येथून त्यांची पद्धत जगभर गेली. ती आईबापांनीच दिवसातून अनेकदा करावयाची असते. करताना मूल बहुधा रडते. आणि तिचा परिणाम गिळण्यावर व बोलण्यावरही होतो असे तिचे पुरस्कर्ते मानतात. अर्जेंटिनातील कोर्दोबाचे रोदोल्फो कास्तिय्यो मोरालेस यांनी ओठ, जीभ व टाळू यांच्या उद्दीपनाची पद्धत बसविली. रशियन मानसशास्त्रज्ञ स्वेतलाना मसगुतोवा यांची पद्धत १९८९ च्या ऊफा रेल्वे दुर्घटनेतून वाचलेल्या मुलांबरोबरच्या कामातून निघाली असे सांगितले जाते. तिच्या शिबिरांतून सलग काही दिवस, रोज अनेक तास उपचार होतात. आणि या सर्वांआधी गाजली ती अमेरिकेतील ग्लेन डोमन व कार्ल डेलाकाटो यांची पद्धत. १९५५ मध्ये फिलाडेल्फियात त्यांची संस्था निघाली. मुलाचे हातपाय व डोके तीन ते पाच माणसांनी मिळून सरपटण्याच्या लयीत हलवावयाचे, दिवसातून अनेकदा, आठवड्याचे सातही दिवस, म्हणजे मेंदू उत्क्रांतीच्या पायऱ्या पुन्हा चढेल, असा तिचा सिद्धान्त होता.

या सर्वांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. वोयता यांनी तान्ह्या बाळाच्या शरीरस्थितीवरून मेंदूतील दोष लवकर ओळखण्याची जी रीत बसविली तिचा उपयोग आजही केला जातो. पण पद्धतीमागील निरीक्षण खरे असणे आणि तिच्या नावाने दिलेले आश्वासन खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमन-डेलाकाटो पद्धतीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६८ मध्येच अमेरिकेतील अनेक वैद्यकीय व अपंगकल्याण संघटनांनी संयुक्त निवेदन काढून तिच्या दाव्यांना आक्षेप घेतला. १९७८ मध्ये स्पॅरो व झिग्लर या संशोधकांनी मतिमंद मुलांवर तिची पद्धतशीर चाचणी केली. तीत लक्षणीय लाभ आढळला नाही. १९८२ मध्ये व पुन्हा १९९९ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर केले की या पद्धतीला विशेष गुण असल्याचा पुरावा नाही, आणि तिच्या अवास्तव मागण्यांनी कुटुंबाचा पैसा व घरातले नातेसंबंध दोन्हींची झीज होऊ शकते. तरीही ती पद्धत संपली नाही. आशेची मागणी जोवर शिल्लक आहे तोवर तिचा पुरवठा करणारेही शिल्लक राहतात.

अन्य पद्धतींबद्दलचा निष्कर्ष अधिक सौम्य असला तरी दिशा तीच आहे. मेंदूविकार असलेल्या मुलांच्या गिळण्याच्या अडचणींवरील उपचारांचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा कसोटीला उतरणाऱ्या अवघ्या तीन चाचण्या मिळाल्या आणि कोणत्याही एका उपचाराची शिफारस करण्याइतका पुरावा नाही असे सांगावे लागले. ओठ व जिभेच्या निव्वळ कसरतींनी उच्चारदोष सुधारतात काय, याच्या २०१५ मधील आढाव्यातूनही तसा भक्कम पुरावा पुढे आला नाही. मेंदूच्या पक्षाघातावरील सर्व उपचारांचा व्यापक आढावा ऑस्ट्रेलियातील इओना नोव्हाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे सार कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे: मूल स्वतः जे करू पाहते, जे त्याच्या रोजच्या जगण्यातले आहे, त्याचा सराव दिला तर मूल शिकते, त्याला निजवून दुसऱ्यांनी त्याच्या शरीरावर केलेल्या क्रियांनी तेवढे साधत नाही. उठून बसण्याचा हेतू मुलाचा असावा लागतो. जी गोष्ट चळवळीला माणसांच्या समूहाबद्दल ठाऊक आहे तीच येथे एका बालकाच्या शरीराबद्दल खरी ठरते.

मग हे उपचार चालतात कशावर? ते आईबापांच्या अज्ञानावर चालतात असे म्हणणे सोपे आहे. ते खोटे आहे आणि निर्दयही आहे. सरकारी रुग्णालयात गेलेल्या आईला 'हे असेच राहणार' एवढे एकच वाक्य ऐकावे लागते. पुढे कोठे जावे, घास कसा भरवावा, हे कोणी सांगत नाही. अशा वेळी जो मनुष्य मुलाला हात लावतो, त्याच्याकडे दिवसाचे चार तास पाहतो, आईशी बोलतो, त्याच्याकडे ती गेली तर दोष तिचा नव्हे. शासनाने रिकामी ठेवलेली जागा बाजाराने भरली, एवढाच त्याचा अर्थ. खाजगी केंद्रातील एका सत्राचे शुल्क शेतमजूर बाईच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी क्वचितच असते. सघन उपचार म्हणजे अशी कित्येक सत्रे एका ओळीने. शहरात राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी वेगळी. दागिना जातो, शेळी जाते, मग सावकार येतो.

पैशाहूनही एक मोठी किंमत यात वसूल होते, आणि तिची पावती मिळत नाही. या पद्धतींचा सगळा भार घरातील बाईच्या न मोजलेल्या श्रमावर उभा असतो. घरी गेल्यावर दिवसातून इतक्या वेळा हे केलेच पाहिजे, एकही वेळ चुकता कामा नये, असे तिला बजावले जाते. मूल सुधारले तर श्रेय पद्धतीचे. न सुधारले तर आईने केले नाही म्हणून. अपयशाची जबाबदारी सर्वांत दुर्बळ माणसाच्या माथी मारण्याची ही रीत कामगार चळवळीला अपरिचित नाही. कारखान्यात अपघात झाला की तो कामगाराच्या हलगर्जीपणामुळेच झालेला असतो, नाही का? रोज मुलाला रडवून त्याच्यावर उपचार करणारी आई हळूहळू त्याची आई राहात नाही, त्याची परिचारिका होते. आणि जेवणाची वेळ, जी माया देण्याघेण्याची वेळ असावी, ती परीक्षेची होते.

येथे दोन मतांचा परामर्श घेणे आवश्यक आहे. काही सहृदय मंडळी म्हणतात की श्रीमंताच्या मुलाला जो उपचार मिळतो तोच गरिबाच्या मुलाला मिळावा, तेव्हा या सघन शिबिरांचा खर्च शासनानेच उचलावा. समतेची ही भाषा आकर्षक आहे. परंतु समता म्हणजे श्रीमंताच्या प्रत्येक खरेदीची सरकारी आवृत्ती काढणे नव्हे. जे सिद्ध झालेले नाही ते सार्वजनिक पैशाने विकत घेणे म्हणजे गरिबांच्या नावाने खाजगी केंद्रांना अनुदान देणे होय. दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे. पुरावा नाही, तेव्हा काहीच करावयाचे नाही, असे सांगून प्रशासन हात झटकू पाहते. पुरावा नाही तो मोठमोठ्या आश्वासनांना. रोजच्या साध्या मदतीला पुरावा आहे, आणि ती मदत स्वस्त आहे. ती विकून कोणाला नफा होत नाही, म्हणूनच कदाचित तिची जाहिरात होत नाही.

ढाका येथे मेंदूच्या पक्षाघाताने आजारी मुलांच्या आयांना मुलाला कसे भरवावे याचे शिक्षण किमान चार बैठकांतून देण्याचा प्रयोग झाला; त्याचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे श्वसनाचे त्रास कमी झाले, जेवताना ती अधिक साथ देऊ लागली, आयांवरील ताण हलका झाला. परंतु जी मुले बरीच कुपोषित होती त्यांचे पोषण केवळ शिकवणुकीने भरून आले नाही. त्यांना अन्नाचीच जोड हवी, असे त्या अभ्यासाने स्पष्ट सांगितले. यापेक्षा समाजवादी निष्कर्ष दुसरा कोणता असणार? कौशल्य द्या, पण पोटाला अन्नही द्या.

आणि हे कौशल्य तरी काय आहे? आपल्याकडे पाय पसरून बाळाला पायांवर उताणे घ्यावयाचे आणि बोंडल्याने किंवा चमच्याने तोंडात ओतावयाचे, अशी जुनी रीत आहे. निरोगी बाळ त्यातून निभावते. ज्याचे गिळणे बिघडलेले आहे अशा मुलाचा घास मात्र त्या स्थितीत फुप्फुसात उतरू शकतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला शक्य तेवढे ताठ बसवावे, मान किंचित पुढे राहील असे पाहावे, खालच्या जबड्याला बोटांचा हलका आधार द्यावा, चमचा समोरून आणून जिभेवर अलगद टेकवावा, अगदी पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज द्यावी, आणि पहिला घास गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये. मेक्सिकोच्या एका खेड्यातील अपंगांबरोबर काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मध्ये 'डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन' हे पुस्तक काढले, तेव्हापासून असे ज्ञान चित्रांसह उपलब्ध आहे. कोणत्या मुलाला काय झेपेल हे एकदा प्रशिक्षित माणसाने तपासून ठरविले पाहिजे हे खरे. परंतु त्यानंतरचे काम स्वयंपाकघरात व्हावयाचे असते.

प्रतिक्षिप्त क्रियांचा खरा उपयोग जेथे आहे तेथेही हीच गोष्ट दिसते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या ओठांना, गालांना, हिरड्यांना व जिभेला परिचारिकेने रोज काही मिनिटे बोटाने हलके उद्दीपन दिले तर बाळ नळीवरून तोंडाने पिण्याकडे काही दिवस लवकर येते, असे २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यातील चाचण्या सुचवितात. पुरावा उच्च दर्जाचा नाही, पण दिशा आशादायक आहे. या उपचाराला परदेशी पदविका लागत नाही. त्याला लागते ती परिचारिका, जिच्या वाट्याला एका वेळी मोजकीच बाळे असतील. दीडपट-दुप्पट बाळे सांभाळणाऱ्या परिचारिकेकडे ती मिनिटे नसतात.

बोलण्याच्या बाबतीतही असेच आहे. ज्या मुलाचे ओठ व जीभ त्याला साथ देत नाहीत, त्याच्या शब्दाची वाट पाहात वर्षामागून वर्षे दवडणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला डोळ्यांनी 'होय' आणि 'नाही' सांगता येते काय हे पाहावे. पुठ्ठ्यावर भाकरी, पाणी, आजी, अंथरूण, दुखते, बाहेर जायचे, अशी चित्रे चिकटवून संवादफलक करावा. मूल बोटाने, मुठीने अथवा नजरेने दाखवील. अशा फलकामुळे बोलणे खुंटते ही भीती निराधार असल्याचे अभ्यासांनी दाखविले आहे. स्वतःची इच्छा दुसऱ्याला कळविता येणे हा माणूसपणाचा पहिला हक्क आहे, आणि तो जिभेवर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही.

हे सर्व करण्यासाठी लागणारी व्यवस्था कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातीलच पालघर येथे झाला. त्यानुसार फिरत्या वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची, आणि दोष आढळलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असावेत अशी योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यांत मेंदूचा पक्षाघात आहे, स्वमग्नता आहे, वाचा व भाषेचे अपंगत्वही आहे. त्याच कायद्याच्या २५ व्या कलमाने, उत्पन्नाच्या अटीस अधीन राहून, घराजवळ आणि विशेषतः ग्रामीण भागात मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. आणि २४ व्या कलमाने सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना इतरांहून निदान २५ टक्के अधिक साहाय्य द्यावे असे म्हटले आहे.

कायद्यात 'घराजवळ' असे म्हटले आहे. मेळघाटातील धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मान न धरणारे आठ वर्षांचे मूल कडेवर घेऊन, गाडीतळावर उन्हात उभी राहून, दर आठवड्याला जी आई हे अंतर कापू शकेल तिच्यासाठीच आजची व्यवस्था आहे. केंद्रातील पदे बहुतांशी राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील कंत्राटी स्वरूपाची. मानधन तुटपुंजे, नोकरीची शाश्वती नाही. शिकलेला वाचोपचारतज्ज्ञ तेथे टिकत नाही आणि शहरातील खाजगी केंद्राकडे वळतो. म्हणजे शासनाच्या कंत्राटी धोरणानेच त्या बाजाराला माणसे पुरविली जातात. मुलाची तपासणी करावयाची, दोषाची नोंद करावयाची, आणि मग उपचाराला माणूसच ठेवावयाचा नाही, हा निव्वळ कागदी कारभार होय.

या ठिकाणी अंगणवाडी सेविका व आशा यांच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. हे काम अखेर खेड्यात पोहोचवावयाचे तर त्यांच्याखेरीज दुसरे कोणी नाही. पण आहे त्या कामाचेच पुरेसे दाम न देता त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादणे चळवळीला मान्य होता कामा नये. या कामाचे वेगळे प्रशिक्षण, वेगळा मोबदला आणि शंका आली तर विचारता येईल असा तालुक्याच्या ठिकाणचा तज्ज्ञ, या तीन गोष्टी त्यांना मिळाल्या पाहिजेत. एका शोषित स्त्रीचा भार दुसऱ्या शोषित स्त्रीच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे सुधारणा नव्हे.

चळवळीने स्वतःकडेही पाहावे. आपल्या कार्यकर्त्यांनी अपंगांसाठी शिबिरे भरविली आहेत. मंडप पडतो, शहरातून तज्ज्ञ येतात, दिवसभरात शंभर मुले तपासली जातात, हारतुरे होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते आणि संध्याकाळी मंडप उठतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शंभर आयांपुढे तीच वाटी आणि तोच चमचा असतो. हेतू शुद्ध होता हे मान्य केले तरी शिबिराने सोडविण्याजोगा हा प्रश्न नाही. ज्या गोष्टीची गरज दिवसातून तीनदा पडते तिला वर्षातून एकदा येणारी दया पुरी पडत नाही.

महाराष्ट्राला याची जाण पूर्वी आलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात लोकांना काम मिळाले ते मदत म्हणून; पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. त्या हक्काची अंमलबजावणी किती अपुरी राहिली हे चळवळ जाणते. तरीही मदत आणि हक्क यांत जो फरक आहे तो त्या कायद्याने खेड्यातील बाईला शिकविला. या मुलांच्या बाबतीत तेच पाऊल टाकावयाचे आहे.

त्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात. प्रत्येक जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील वाचोपचारतज्ज्ञाचे व भौतिकोपचारतज्ज्ञाचे पद कायम स्वरूपाचे असावे आणि ते रिकामे असल्यास तसे केंद्राच्या दारावर लिहिले जावे. तज्ज्ञांनी ठरलेल्या वारी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावे. नवजात बालकांच्या विशेष कक्षातून घरी गेलेल्या प्रत्येक बाळाचे गिळणे व वाढ पहिली दोन वर्षे तपासली जावी. अंगणवाडीतील आहार या मुलांना गिळता येईल अशा मऊ स्वरूपात आणि कायद्याच्या तत्त्वानुसार अधिक प्रमाणात मिळावा. पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या आईला मासिक साहाय्य मिळावे; केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेने हे तत्त्व मान्य केले आहे, महाराष्ट्राला ते अशक्य नाही. आणि खाजगी केंद्रांनी आपले शुल्क, आपल्या माणसांची नोंदणी व आपल्या पद्धतीस असलेला पुरावा मराठीत लिहून दारावर लावावा. वाचोपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक यांची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने आवश्यक केलेलीच आहे. ती पाहण्याचा अधिकार पालकाला आहे हे त्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

ते सांगण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. प्रत्येक तालुक्यात अशी घरे कोणती, मूल किती वर्षांचे, केंद्राचे अंतर किती, शेवटचा उपचार केव्हा मिळाला, कर्ज झाले काय, याची यादी करावी. आयांना महिन्यातून एकदा एकत्र बसवावे. ज्या आईला मूल भरविण्याची युक्ती साधली आहे तिने ती दुसरीला दाखवावी. अशा बैठकीत आई प्रथमच पाहते की हे दुःख एकटीचे नव्हते, आणि तेथूनच मागणीला तोंड फुटते. मग ती यादी घेऊन त्या आयांसह जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दालनात जावे, आणि २५ व्या कलमावर बोट ठेवून उत्तर मागावे. सघन उपचाराची पत्रके घेऊन येणाऱ्या आईला कोणी हिणवू नये. तिच्याबरोबर बसून ती वाचावीत, प्रश्न काढून द्यावेत, आणि दागिना मोडण्याआधी तिला दुसरा मार्ग दाखवावा. तो मार्ग दाखविता येत नसेल तर तिला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे काम निवडणुकीत मते मिळवून देईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही ते घोषणा देणार नाही आणि त्याच्या आईला मोर्च्यास यावयास सवड नसते. पण ज्याचा आवाज नाही त्याच्या बाजूने उभे राहावयाचे, या एका प्रतिज्ञेवर समाजवादी चळवळ उभी राहिली. त्या मुलाच्या ताटात घास पोहोचतो की नाही आणि त्याचे म्हणणे कोणाला कळते की नाही, यावर त्या प्रतिज्ञेची परीक्षा होणार आहे.